बाळाला बूट कधी घालायचे आणि कसले?

अबोली_मनीषनगर
नमस्कार मंडळी. आतापर्यंत नुसतीच वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

लेक ११ महिन्यांची आहे. सोफा, टीपॉय, आजोबांचा पायजमा, जे हाताशी येईल ते धरून उभी राहते. एका हाताचा आधार दिला की थोडी चालते पण. मेच्या शेवटी पहिला वाढदिवस आहे. सासूबाईंचं म्हणणं की आत्तापासून बूट घातले म्हणजे घोट्याला आधार मिळतो आणि पाऊल सरळ पडतं, त्यामुळे त्यांनी बर्डीवर जाऊन आणलेसुद्धा, पांढरे, घोट्याच्या वर येणारे, सोल पाटासारखं कडक. घातले की ही जागची हलत नाही आणि मग भोकाड. पुण्याची नणंद म्हणते दोन वर्षांची होईपर्यंत बुटांचं नाव काढू नको. नवरा म्हणतो तुम्ही ठरवा, मी पैसे देतो.

तर कधी, कसले आणि दिवसातून किती वेळ? आणि अनवाणीच ठेवायचं तर मे महिन्यात नागपुरात ते कसं करायचं तेही सांगा. आमच्या सोसायटीची फरशी रात्री आठलाही गरम असते.

सावजी_रस्सा
नवऱ्याचं उत्तर सर्वात सुरक्षित आहे. त्यांना इथे आणू नका, बाकीचे नवरे बिघडतील.

महालची_काकू
अवो पोरी, काहून एवढं टेन्शन घेऊन राहिली. आमचे चारही पोट्टे वाड्यात, शेणानं सारवलेल्या अंगणात बिनचपलेचे वाढले. चालायले लागले की पांगुळगाडा द्यायचा, सकाळी तेल लावून पाय रगडायचे, झालं. बूट शाळेत नाव घातल्यावर आले, तेही पहिला आठवडा चावले म्हणून पोट्टं दप्तरात टाकून घरी येत होतं. एकाचाही पाय वाकडा नाही. लेकराच्या तळव्याले माती कळली पाहिजे.

धंतोली_फिजिओ
मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून जरा लांबण लावते.

काकूंशी बरीचशी सहमत. वर्षाच्या बाळाच्या पावलात अजून बरीच कूर्चा, म्हणजे मऊ कच्चं हाड असतं, हाडं पुढे हळूहळू पक्की होतात. घोट्याला बाहेरून आधार लागतो ही समजूत जुनी आहे. नॉर्मल बाळाचा घोटा कमकुवत नसतो, तो शिकत असतो. बाळ बोटांनी जमीन पकडतं, तळव्याला उतार, गारवा, खडबडीतपणा कळतो आणि त्यावरून तोल सावरतं. मध्ये कडक सोल आलं की ही सगळी बातमी बंद. तुमची लेक बूट घातल्यावर हलत नाही त्याचं कारण हेच असणार, हट्ट नाही.

दुसरं, सगळ्यांना पडणारी काळजी म्हणजे तळवा सपाट दिसतो. या वयात कमानीच्या जागी चरबीची गादी असते म्हणून तो सपाटच दिसतो. कमान पुढे काही वर्षांत तयार होते, पाच-सहा वर्षांपर्यंत वेळ असतो. त्यासाठी वर्षाच्या बाळाला कमानवाले बूट घालायची काही गरज नाही.

मणिपालच्या डॉक्टरांनी आपल्याच देशातल्या २३०० मुलांचे पाय तपासले होते, १९९२ मध्ये छापून आलं. बूट-चपला वापरणाऱ्यांत सपाट पाय ८.६ टक्के आणि अनवाणी मुलांत २.८ टक्के. पुढून बंद बूट घालणाऱ्यांत प्रमाण सर्वात जास्त. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते की चालायला शिकणाऱ्या बाळाला घरात बूट लागत नाहीत, बाहेर पायाचं रक्षण म्हणून घालायचे.

म्हणून मी आईबाबांना वय विचारत नाही, जमीन कशी आहे ते विचारते. घरातली फरशी, सतरंजी, स्वच्छ हिरवळ असेल तर अनवाणी. रस्ता, तापलेली फरशी, काटेकुटे असतील तर बूट, आणि ते काम झालं की काढायचे. कडेवर नाहीतर प्रॅममध्येच फिरणाऱ्या बाळाला बूट कशाला, थंडी असेल तर मोजे घाला.

गोधनी_रोडवाला
संशोधन ठीक आहे पण मॅडम, ती मुलं ४ ते १३ वर्षांची होती ना? मग ११ महिन्यांच्या पोरीला ते कसं लावता? शिवाय अनवाणी फिरणारे बहुतेक खेड्यातले, दिवसभर पळणारे, आणि बूटवाले शहरातले बसून राहणारे, मग फरक बुटाचा की पळण्याचा? माझ्या पोराला आम्ही दहाव्या महिन्यापासून बूट घातले, आता फुटबॉल खेळतो, काही झालं नाही त्याला.

धंतोली_फिजिओ
@गोधनी_रोडवाला, मुद्दा बरोबर आहे. वयोगट ४ ते १३च होता आणि एका पाहणीवरून बुटांनीच पाय सपाट होतात असं सिद्ध होत नाही. एवढंच म्हणेन की बूट लवकर घालून फायदा होतो असं दाखवणारं काही नाही, आणि न घालून बाळ मागे पडत नाही. तुमच्या मुलाचं काही बिघडलं नाही याचं नवल नाही, बहुतेकांचं नाहीच बिघडत. पण आजींना वाटतं तसा त्याला बुटांमुळे आधार मिळाला असंही नाही.

बेसा_बेलतरोडी
आमच्याकडे अनवाणी वगैरे विसरा. ले-आउट अर्धवट बांधलेला, शेजारी बांधकाम, खिळे, तारांचे तुकडे, आणि रिकाम्या प्लॉटवर पावसानंतर सराटे पसरतात. मोठ्यांच्या रबरी स्लीपरमधून घुसतात ते. पावसात विंचू निघतात ते वेगळंच. मुलगा चालायला लागला तसे घराबाहेर पाऊल टाकायच्या आधी बूट, असा नियमच केला. घरात मात्र उघडे पाय.

उन्हाचंही लक्षात ठेवा. गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीला एका देवळात दुपारी प्रदक्षिणेला खाली सोडलं, चपला तर बाहेरच काढाव्या लागतात, तळव्याला फोड आले. मोठ्यांचे तळवे निबर असतात, त्यांना चटका लागेपर्यंत बाळाचं भाजलेलं असतं. आता आम्ही खाली सोडायच्या आधी हाताची उलटी बाजू फरशीला लावून बघतो. जरा वेळ ठेवता आली नाही तर लेकरू कडेवर.

सावजी_रस्सा
अबोलीताई, मेचा शेवट म्हणजे नवतपा, वर्षातले सर्वात तापलेले नऊ दिवस. वाढदिवस पण काय मुहूर्त काढून ठेवला पोरीने.

अबोली_मनीषनगर
हो ना, सगळे पाहुणे येण्याआधी कूलर आहे का विचारून राहिलेत.

उमरेडकर
काकू, राग मानू नका, पण तळव्याले माती कळली पाहिजे हे सगळीकडे खरं नाही. मी उमरेडकडच्या गावात आरोग्य खात्यात काम केलं आहे. जिथे लोक उघड्यावर शौचाला बसतात तिथल्या ओल्या मातीत हुकवर्मच्या अळ्या असतात, त्या सरळ तळव्याच्या कातडीतून आत जातात आणि आतड्यात जाऊन रक्त पितात. लेकरू पांढरंफटक, माती खाते, चिडचिड करते, आणि घरचे म्हणतात नजर लागली. तुमच्या सारवलेल्या अंगणाची गोष्ट वेगळी, ते रोज झाडलं जायचं. पण शेतात, नाल्याकडे, वावराच्या धुऱ्यावर लहान मुलाच्या पायात काहीतरी पाहिजेच.

जंतनाशक गोळी विसरू नका. २०१५ पासून १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, ऑगस्टमध्ये दुसरी फेरी. वर्ष ते दोन वर्षांच्या बाळाला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी, चुरून पाण्यातून. अंगणवाडीत फुकट मिळते. शहरातले लोक समजतात हे आपल्यासाठी नाही.

महालची_काकू
हाव, हे मात्र खरं बोलले भाऊ. आमच्या जेठाणीच्या पोरीले झालं होतं तसं, माती खायची. मी अंगणाचंच म्हणत होते, नाल्याचं नाही.

चिमुकली_आई
पण कोणी त्या पीं पीं वाजणाऱ्या बुटांबद्दल का बोलत नाहीये? आमच्याकडे बारशालाच तीन जोड आले. वरच्या मजल्यावर राहतो, खालचे काका मला जिन्यात बघून हसायचे बंद झाले.

सावजी_रस्सा
लग्नात एक पोट्टं ते बूट घालून मंगलाष्टकांच्या मधे मंडपभर फिरत होतं. गुरुजींनी "सावधान" त्याच्याकडेच बघून म्हटलं.

रेशीमबागकर
टाचेत एक छोटी शिट्टी असते. आतलं तळ उचलून चिमट्याने ओढली की निघते. बायकोला सांगितलं आवाज आपोआप गेला.

चिमुकली_आई
हा हा हा! पण रेशीमबागकर, ती शिट्टी तुकडा ना तुकडा कचऱ्यात गेली ना बघा. एवढीशी वस्तू, तोंडात गेली तर गळ्यात अडकेल.

महालची_काकू
आम्ही पायात वाळे घालत होतो, त्याचाही आवाजच ना. लेकरू स्वयंपाकघरात चुलीकडे गेलं की कळायचं. तुमचे बूट वाजले तर एवढं काय.

टोरांटोची_वैदर्भी
काकू, माझ्या आजीने माझ्या लेकीसाठी वाळे पाठवले होते, डेकेअरवाल्यांनी हात जोडून काढायला लावले, तुटून घुंगरू निघेल म्हणून.

इथे उलट प्रॉब्लेम आहे. डेकेअरमध्ये आत घालायचे बूट वेगळे द्यावे लागतात, आग लागली तर मुलांना लगेच बर्फात बाहेर काढता यावं म्हणून. म्हणजे लेकीच्या पायात घराबाहेर दिवसभर बूट. मी मऊ सोलचे, मुठीत धरून दुमडता येतील असे शोधले. घरी आली की सगळ्यात आधी बूट काढून भिरकावते.

वर पांगुळगाड्याचा विषय निघाला म्हणून सांगते, कॅनडात चाकांचे बेबी वॉकर २००४ पासून विकायलाच बंदी आहे. जुना दुसऱ्याला विकला तरी गुन्हा. आईने नागपूरहून बॅगेत घालून आणायची तयारी केली होती, कशीबशी थांबवली.

गोधनी_रोडवाला
वॉकरवर बंदी? काय त्रास आहे वॉकरचा? अर्ध्या नागपुरातली पोरं वॉकरमध्ये वाढली.

धंतोली_फिजिओ
बंदी जिन्यावरून पडून डोक्याला मार लागण्यामुळे आली. बाळ वॉकरमध्ये बसून क्षणात खोली ओलांडतं, जिन्यापर्यंत पोचतं, किंवा टेबलावरचा गरम चहा ओढतं, आईला उठायला वेळच मिळत नाही. आणि चालायला शिकवण्याचं म्हणाल तर ते त्यातून होत नाही. बाळ बसून असतं, टाच टेकत नाही, चवड्यांनी रेटत जातं. पांगुळगाड्यात उलट, बाळाला स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलायचं असतं, तोल त्याचाच. फक्त गुळगुळीत टाइल्सवर तो सुसाट पळतो, त्यामुळे सतरंजीवर द्या आणि कोणीतरी पाठीमागे पाहिजे.

महालची_काकू
पाहा.

निळी_छत्री
लिहू की नको करत होते. वर सगळे म्हणताहेत नॉर्मल बाळाला बूट नको, ते बरोबर, पण एखादी आई हे वाचून डॉक्टरांनी दिलेले बूट काढून ठेवेल म्हणून लिहिते.

माझा मुलगा जन्मतः क्लबफूट. दोन्ही पाय आत वळलेले. पॉन्सेटी पद्धतीने उपचार झाले, दर आठवड्याला प्लास्टर बदलायचं आणि पाय थोडा थोडा सरळ आणायचा, मग टाचेच्या शिरेला छोटासा छेद, आणि त्यानंतर पट्टीला जोडलेले बूट. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, नंतर झोपेत, चार वर्षांचा होईपर्यंत. खरी परीक्षा प्लास्टरची नसते, त्या बुटांची असते. लेकरू रात्री रडतं, घरातलं प्रत्येक माणूस म्हणतं आज एक दिवस राहू दे, आणि तो एक दिवस राहू दिला की पाय परत वळायला लागतो. माझ्या आईने तेव्हा एकच काम केलं, कोणालाही ते बूट काढू दिले नाहीत. आता पहिलीत आहे, धावतो.

सरकारी दवाखान्यात हे उपचार फुकट होतात, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूट आहे. जन्मल्यावर जितक्या लवकर सुरू कराल तितकं सोपं.

अबोली_मनीषनगर
निळी_छत्री, बरं झालं लिहिलंत. तुमच्या आईला नमस्कार सांगा.

इतवारी_चप्पलवाला
तीन पिढ्यांचं दुकान आहे आमचं, म्हणून दुकानाच्या बाजूनं पण थोडं ऐका.

गिऱ्हाईक येते, सोबत लेकरू नसते. खिशातून दोरा काढते, हे माप. काहीजण बोटानं हवेत दाखवतात, एवढा पाय आहे. मग म्हणतात वाढत्या अंगाचा द्या, दोन साइज मोठा, दिवाळीपर्यंत चालला पाहिजे. भौ, सदरा चालते वाढत्या अंगाचा, बूट नाही चालत. लेकरू बूट पायातून निसटू नये म्हणून बोटं आवळून चालते आणि सपाट जमिनीवर अडखळते.

लेकरू घेऊन या आणि संध्याकाळी या, दिवसभरात पाय थोडा फुगते. दोन्ही पाय मोजा, एक मोठा असतोच, त्याच्या मापाचा घ्या. बसवून नाही, उभं करून बघा, उभं राहिल्यावर पाऊल पसरते. सर्वात लांब बोटाच्या पुढे मोठ्या माणसाच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पाहिजे, बस. वरून दाबून अंदाज लागत नाही, पोट्टं आत बोटं आखडून घेते. म्हणून मी आतलं तळ बाहेर काढतो आणि त्याच्यावर लेकराले उभं करतो, सगळं दिसते. तळ निघत नसलं तर कागदावर पाय काढून कापून आत सरकवा, कागद दुमडला तर बूट लहान.

सोल हातानं वाकवून बघा. चवड्याजवळ वाकलं पाहिजे, जिथं बोटं वाकतात तिथं. मधेच दुमडत असलं तर नको, कुठंच वाकत नसलं तर तेही नको. टाच सपाट, पुढून रुंद, वेल्क्रो किंवा बक्कल. उन्हाळ्यात रेक्झिनचा घेऊ नका, आत घामानं शिजते, कापडी घ्या. आणि दर दोन महिन्यांनी बोट घालून बघत जा, या वयात पाय लवकर वाढते. महाग बूट घ्यायची गरज नाही. हे मी दुकानदार असून सांगून राहिलो, बापाला सांगू नका.

चिमुकली_आई
आणि दादाचे बूट भावाला? माझ्याकडे मोठ्याचे जवळजवळ नवे पडलेत.

धंतोली_फिजिओ
मोठ्याने दोनचारदा घातले असतील आणि आतलं तळ, टाच झिजलेली नसेल तर घाला. झिजलेले नको, ते मोठ्याच्या पावलाच्या सवयीने बसलेले असतात. बूट काढल्यावर पायावर लाल वळ आहे का बघा. काही मिनिटांत गेला तर ठीक, राहिला तर बूट घट्ट आहे.

रेशीमबागकर
तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी बैल घेऊन फिरतात तेव्हा, काय करता मग? आमच्याकडे धोतर, फेटा, गळ्यात माळ आणि पायात ती कडक मोजडी, लाकडी बैलापेक्षा पोरालाच ओढावं लागतं.

सावजी_रस्सा
बोजारा म्हणजे घरोघरचे पैसे गोळा करेपर्यंत घालायची आणि मग काढायची. पैसे दिसले की पोट्टं कशातही चालते.

अबोली_मनीषनगर
सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर हा धागा सासूबाईंना वाचून दाखवला. फिजिओताईंचं ऐकून म्हणाल्या "डॉक्टर लोक रोज वेगळं सांगतात." काकूंचं ऐकून गप्प झाल्या, कारण त्या पण महालच्याच, वाड्यातल्या. नंतर त्यांचा प्रश्न असा की वाढदिवसाला शंभर माणसं येणार, पोरगी उघड्या पायांनी दिसली तर माहेरचे काय म्हणतील.

तर ते पांढरे बूट केक कापायच्या फोटोपुरते घालायचे आणि लगेच काढायचे असं ठरलंय. हॉल एसी आहे, फरशी गार असते, तिथे मोकळीच राहील. बाहेरसाठी चालायला लागली की इतवारीत येऊन कापडी घेणार. सासूबाई स्वतः येणार आहेत, भावबिव करायला.

इतवारी_चप्पलवाला
या. भाव कमी होणार नाही, चहा मिळेल.

तीन_शून्य_दोन
धागा वर काढतोय. मुलगा १५ महिन्यांचा, चालतो पण बरेचदा चवड्यांवर, टाच वर. अनवाणीच असतो घरात. बूट घातले तर टाच टेकेल का? घरचे म्हणताहेत की वजनदार बूट घाला म्हणजे पाय खाली येतील.

धंतोली_फिजिओ
चालायला नुकतं लागलेली बरीच मुलं अधूनमधून चवड्यांवर चालतात, बहुतेकांचं आपोआप जातं. वजनदार बूट नको. उभं असताना टाच टेकते का, आणि झोपलेला असताना पाऊल हाताने वर वाकवलं तर सहज वाकतं का ते बघा. दोन्ही हो असेल तर थांबायला हरकत नाही. एकच पाय असा टाकत असेल, एका बाजूने लंगडत असेल, आधी टाच टेकवायचा आणि आता बंद केली असेल, किंवा दोन वर्षांनंतरही सतत चवड्यांवरच चालत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि वॉकर आहे का घरात?

तीन_शून्य_दोन
आहे. आत्ताच माळ्यावर टाकला.